न थरथरणारी रेघ

इडालिना फुर्टाडो हिच्या प्रयोगशाळेत सरळ आडवी रेघ ही सर्वांत मोठ्या आनंदाची खूण मानली जात असे. नदीपलीकडच्या रुग्णालयांत पडद्यावर अशी रेघ उमटली की नातेवाईक हंबरडा फोडतात. नदीच्या अलीकडे, केंब्रिजमधील त्या विटांच्या इमारतीत, तीच रेघ दिसावी म्हणून शिकलीसवरलेली माणसे वर्षानुवर्षे झुरत असत. इडालिनाही झुरत होती, आणि तिचे ते सहावे वर्ष होते.

तिचा जन्म शेजारच्या सॉमरव्हिलमधला. वडील जिल्बर्टो हे अझोर बेटांवरून तरुणपणी आलेले आणि बॉयलर दुरुस्तीच्या कामात मुरलेले गृहस्थ. त्यांचे बिऱ्हाड तीन मजली लाकडी घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होते. बाहेर बर्फाचे ढीग साचलेले असत आणि आत लोखंडी रेडिएटर एवढा तापे, की आई भर जानेवारीत खिडकी सताड उघडून केल नावाच्या पालेभाजीचे सूप ढवळत असे. इडालिना लहान असताना एकदा तिने वडिलांना विचारले,

"पापा, आपल्याला उकडतंय हे बॉयलरला कळत कसं नाही?"

"कळणार कसं? त्याचा कान, म्हणजे ती गारवा मोजणारी डबी, तळमजल्यावर, मालकिणीच्या दारापाशी. तिचं दार सदा उघडं. तिला वारा लागतो, म्हणून तो आपल्याला भाजून काढतो."

"मग तो कान वर आणा ना."

"आणतो की! मग मालकीण मला खिडकीतून खाली आणेल," जिल्बर्टो म्हणाले.

मुलीने ही गोष्ट मनावर घेतली. त्या दिवसापासून कोणतीही वस्तू दिसली की तिचा कान कुठे आहे आणि हात कुठे आहे, याचा ती शोध घेऊ लागली. संडासाच्या टाकीचे झाकण काढून आतला तरंगता गोळा पाणी कसे थांबवतो हे पाहत ती इतका वेळ उभी राही, की बाहेरून आई दारावर थापा मारत असे. गरम झाले तर थांब, गार झाले तर पुन्हा चालू हो. इतक्या साध्या बोलण्यावर घर चालते, हे तिला फार नवलाचे वाटे.

पुढे सरकारी विद्यापीठात अभियांत्रिकी शिकताना या बोलण्याला फीडबॅक म्हणतात, हे तिला समजले. विमान वाऱ्यात डगमगले तरी सरळ कसे राहते, भट्टी आपला ताप कसा सांभाळते, याची गणिते तिने आवडीने केली. परंतु तिचे आयुष्य ज्या दिवशी वळले, तो दिवस निराळाच. प्राध्यापिका विनिफ्रेड ओस्टरहाउट तेथे व्याख्यानाला आल्या होत्या. त्या पूर्वी विमानांची नियंत्रणे तयार करीत. उंच, पांढऱ्या केसांच्या, चष्मा सतत डोक्यावर सरकवून तो शोधत फिरणाऱ्या अशा त्या बाई. त्या म्हणाल्या, "विमानाला मी जे शिकवलं, तेच आता मी एका जिवाणूला शिकवते आहे. फरक एवढाच, की तारांऐवजी डीएनए वापरते. आणि विमान रात्रीतून पिल्लं घालत नाही."

सभागृह हसले. इडालिना हसली नाही, कारण तिचा श्वासच अडकला होता. व्याख्यान संपताच ती पायऱ्या उतरून थेट बाईंपुढे उभी राहिली. "तुमच्याकडे जागा आहे का?" एवढेच तिला विचारता आले.

जागा होती. तिच्याकडे सोपवलेले काम सांगायला सोपे आणि करायला महाकठीण होते. काही मुलांच्या शरीराला अन्नातील एक ठरावीक घटक पचवता येत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदूची हानी करतो. आतड्यात सुखाने राहणाऱ्या जिवाणूने तो घटक पचवणारे औषध तेथल्या तेथे तयार केले, तर ती मुले चारचौघांसारखी जेवू शकतील. मात्र औषध कमी पडता कामा नये आणि जास्तही होता कामा नये. मुलाला ताप येवो, उपास घडो, की वाढदिवसाच्या केकवर ते तुटून पडो, जिवाणूने आपले माप सोडायचे नाही.

त्यासाठी इडालिनाने डीएनएमध्ये एक भांडण लिहिले. जिवाणूच्या पोटात दोन प्रथिने. पहिले म्हणते, औषध बनवा. दुसरे त्याचे हाडवैरी. दोघे भेटले की एकमेकांना अशी घट्ट मिठी मारतात, की दोघेही निकामी होतात. औषध जास्त झाले की वैऱ्याची पैदास वाढते आणि पहिल्याचा आवाज बंद होतो. औषध कमी झाले की वैरी घटतो आणि पहिला पुन्हा मोकळा होऊन ओरडू लागतो. या भांडणातून शेवटी औषधाचे माप एका जागी स्थिर होते. औषधाबरोबर एक हिरवी चमकही तयार होत असे. काचपात्राशेजारी बसवलेला प्रकाशाचा डोळा ती चमक मोजे आणि पडद्यावर रेघ उमटे.

निदान कागदावर तरी असे होते. प्रत्यक्षात जिवाणू कमालीचे कामचुकार निघाले. हे परके ओझे ज्याने झटकून टाकले, तो जिवाणू चटचट वाढे, आणि सकाळी पाहावे तर पात्रात सगळे तसलेच. समोरच्या बाकावरचा ओबिन्ना अझुबुइके तिला चिडवायची एकही संधी सोडत नसे. तो ह्यूस्टनहून आलेला, डॉक्टरेट मिळवून झालेला, स्वभावाने मोकळाढाकळा तरुण होता.

"काय गं, तुझी प्रजा आजही पळाली वाटतं?"

"तुझी कुठे राहिली रे? तुझी तर मेली!"

"मेली, पण इमानाने मेली. तुझ्या प्रजेसारखी राज्य सोडून गेली नाही."

इडालिना आपल्या प्रत्येक रचनेला एकेका आत्याचे नाव देई. तिला आत्या भरपूर होत्या. कॉन्सेसाऊं आत्या ही रचना उधळी निघाली, औषध नुसते ओतत सुटली. एर्मेलिंडा आत्या एवढी काटकसरी, की तिने काही बनवलेच नाही. सध्याच्या रचनेचे नाव होते अल्बर्टिना आत्या. खरी अल्बर्टिना आत्या फॉल रिव्हर गावी खानावळ चालवीत असे, आणि कितीही आरडाओरडा झाला तरी प्रत्येकाला पुन्हा आपापल्या खुर्चीवर बसवीत असे. या रचनेत वैरी प्रथिन अधिक चपळ केले होते आणि जिवाणूवरचे ओझे निम्म्यावर आणले होते. गेले काही आठवडे प्रजा पळाली नव्हती.

तरीही वेळ संपत आली होती. मे महिन्याच्या शेवटी विनिफ्रेडबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावले.

"बस. हे काचपात्राचं यंत्र मी जुलैपासून दुसऱ्या गटाला द्यायचं कबूल केलंय. त्याआधी अल्बर्टिनाची ढकल होऊ दे. टिकली, तर त्यांना मी थोपवते. यंत्र तुझं आणि रचनाही पुढे जाईल."

"आणि नाही टिकली तर?"

"तर आत्तापर्यंतचं लिहून काढ आणि डॉक्टरेट घे. वाईट पदवी नसेल ती, इडालिना."

"पदवीचं नाही विचारत मी, विनी. अल्बर्टिनाचं काय?"

"फ्रीजरमध्ये," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते बोलताना सुख झाले नाही.

ढकल ही त्या प्रयोगशाळेची रीत होती. माझी रचना टिकते, असे कोणी म्हटले की त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नसे. समोरच्या बाकावरचा माणूस येऊन तिला ढकलून पाही. तो पात्रात काय मिसळतो, ताप किती चढवतो, अन्न कधी तोडतो, हे रचना करणाऱ्याला सांगितले जात नसे. त्याने हात खिशात घालून पडद्यासमोर बसायचे, एवढाच त्याचा अधिकार. खाण्याचा पदार्थ मात्र त्यानेच आणायचा. रचना पडली तर पहिला तुकडा ढकलणाऱ्याचा, टिकली तर तिच्या कर्त्याचा.

जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी इडालिना केंब्रिज स्ट्रीटवरच्या बेकरीतून भला मोठा गोल गोड पाव घेऊन आली. जिल्बर्टोंनी तिला दारापर्यंत सोडताना सांगितले होते, "पाव मोठा घे. हरलीस तर लोकांचं तोंड तरी भरलेलं राहील, बोलणार नाहीत." ओबिन्नाने तो पाव पाहताच खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

"वरची साखर कडेला जास्त आहे. मी कडेचा तुकडा घेणार."

"तू चुरासुद्धा घेणार नाहीस. ढकल आधी!"

"हात खिशात, बाईसाहेब."

तिने हात खिशात घातले. ओबिन्नाने पाठ वळवून पात्रात सुईने काहीतरी सोडले. औषध वेगाने मोडून टाकणारे रसायन असणार, असा तिने मनात कयास बांधला. मग सर्वांनी पडद्याकडे डोळे लावले.

रेघ सरळ होती.

पाव तास झाला, अर्धा तास झाला, रेघ सरळच. ओबिन्नाच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्याने पुन्हा सुई घेतली आणि या वेळी हात सैल सोडला. रेघ सरळ. शेवटी त्याने अन्नाची नळीच चिमटली. कडेला जमलेल्या विद्यार्थ्यांत कुजबुज सुरू झाली, मग कोणीतरी शीळ घातली.

"आत्या हलतच नाही!"

"अरे, ही आत्या आहे की चर्चची भिंत?"

ओबिन्नाने दोन्ही हात वर केले. "हरलो! देवाशपथ, हरलो. एवढ्यात माझी रचना तीन वेळा मेली असती."

एकच गलका उठला. विनिफ्रेडबाईंनी स्वतः सुरी घेऊन पाव कापला आणि कडेचा, साखरेचा तुकडा इडालिनाच्या हातावर ठेवला. बाईंचे डोळे पाणावले होते. चष्मा नेहमीप्रमाणे डोक्यावर होता. "सहा वर्षं, पोरी," त्या म्हणाल्या. इडालिनाने तुकडा तोंडाशी नेला आणि आनंदाने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिले.

तेथेच तिचा हात थांबला.

रेघ अतिशय सुंदर होती. आणि ती थरथरत नव्हती. जिवंत जिवाणूंची रेघ कितीही सरळ म्हटली तरी तिच्या अंगावर बारीक काटा असतो. कोट्यवधी जीव आत धडपडत असतात, कोणी पुढे, कोणी मागे. शिवाय नियंत्रण म्हणजे काही दगड नव्हे. धक्का बसला की आधी तोल जायला हवा, आणि मग तो सावरायला हवा. ज्याचा तोल कधी गेलाच नाही, त्याने सावरले काय? ही रेघ पट्टीने ओढल्यासारखी होती. सोमवारी पात्रात जिवाणू कोवळे होते, चमक मंद होती, आणि ती नीट दिसावी म्हणून तिने स्वतः प्रकाशाच्या डोळ्याची संवेदना पार वर चढवली होती. ती पुन्हा खाली उतरवल्याचे तिला काही केल्या आठवेना.

त्या घटकेला ती गप्प राहिली असती, तर कोणालाही कळले नसते. यंत्र तिचे झाले असते. तिच्या मनात हा विचार आला नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, की मग अल्बर्टिना टिकते की नाही हे तिला स्वतःलाच कधी कळणार नाही. तो विचार तिला मुळीच सोसवेना.

तिने तुकडा थाळीत परत ठेवला.

"काय झालं गं?" ओबिन्नाने विचारले. "साखर कमी पडली?"

तिने खिशातून फोन काढला, त्याचा दिवा लावला आणि तो लखलखीत उजेड सरळ यंत्राच्या डोळ्यावर धरला. चमक एकदम वाढली म्हणून रेघ उसळायला हवी होती.

रेघ जागची हलली नाही.

विनिफ्रेडबाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, पडद्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "अरे देवा. हे तर छत आहे."

"छतच," इडालिना म्हणाली. "डोळा दिपलाय. याच्यावरचं त्याला काही दिसतच नाही. आत अल्बर्टिना पडली असेल, उठली असेल, नाचली असेल, आपल्याला काहीही कळलेलं नाही. चूक माझी आहे. सोमवारी मीच वाढवून ठेवलं."

"म्हणजे मी हरलो नाही?" ओबिन्ना म्हणाला.

"तू हरलाही नाहीस, जिंकलाही नाहीस. तोंड पूस आधी, साखर लागलीय."

"मी फक्त चव पाहिली!"

कोणी हसले नाही, तेव्हा तोच गंभीर झाला. "पुन्हा करू या. आत्ताच्या आत्ता. दुपार आपलीच आहे."

बाईंनी मान डोलावली. इडालिनाने संवेदना खाली उतरवली, पात्र धुतले, ताजे जिवाणू भरले आणि वाट पाहिली. हळूहळू पडद्याच्या मध्यावर एक रेघ उमटली. तिच्या अंगावर बारीक काटा होता. ती थरथरत होती. ती कुरूप रेघ पाहून इडालिनाला झाला, एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

"हात खिशात," ओबिन्ना म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

त्याने सुई टोचली. थोड्याच वेळात रेघ खाली झुकली. मग ती पडू लागली. सावकाश, पण थांबायचे नाव नाही.

"पडतेय," मागून कोणी तरी म्हणाले.

"गप्प बस!" विनिफ्रेडबाई म्हणाल्या.

रेघ पडत राहिली. अर्ध्यावर आली. वैरी प्रथिन आता घटत असणार, इडालिना मनातल्या मनात म्हणत होती. आता पहिला मोकळा होत असणार. ओरड, बाबा, ओरड! रेघ आणखी खाली गेली. मग तिचा उतार किंचित सौम्य झाला. इतका किंचित, की भास वाटावा. मग ती आडवी झाली. आणि मग, सर्वांच्या डोळ्यांदेखत, तिने नाक वर उचलले.

"वळली!" ओबिन्ना ओरडला. स्वतः ढकलणारा आहे याचा त्याला विसरच पडला. "अगं, वळली बघ!"

"हात खिशातच आहेत माझे, मी नाही काही केलं!" इडालिना जागच्या जागी उड्या मारीत म्हणाली.

रेघ वर चढली, पहिल्या जागेच्याही थोडी पुढे गेली, जणू घाईत ओलांडून गेली, मग मागे आली, जराशी डुलली, आणि जेथून निघाली होती तेथेच येऊन थरथरत उभी राहिली. विनिफ्रेडबाईंनी टेबलावर एवढ्या जोराने हात आपटला की काचनळ्या खणखणल्या. कोणी कोणाला मिठी मारीत होते ते कळेना. खिडकीबाहेर जूनचे लांबलेले ऊन अजून विटांवर होते.

ओबिन्ना मात्र हट्टाला पेटला. त्याने अन्न तोडले. रेघ डगमगली आणि परत आली. त्याने तापमान चाळीस अंशांवर नेले, तापलेल्या मुलाच्या अंगाइतके. रेघ जोरात आपटली, बराच वेळ तळाशी रेंगाळली, आणि पुन्हा चढत चढत आपल्या जागी आली.

"बस्स! आता मी तिच्यापुढे गाणं म्हणू का? त्याने नक्की मरेल."

"यंत्र तुझं," विनिफ्रेडबाई इडालिनाला म्हणाल्या. "त्या दुसऱ्या गटाला मी उद्या सांगते. काय शिव्या घालायच्या त्या मला घालू देत."

हे ऐकून इडालिना घरी जाईल, नाहीतर वडिलांना फोन करील, निदान खुर्चीत तरी बसेल, असे सर्वांना वाटले. परंतु तिचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते आणि गाल लाल झाले होते.

"ओबिन्ना, त्रेचाळीसवर ने."

"वेड लागलं का? जिंकलीस ना तू!"

"ने रे. ती कुठे मोडते ते मला बघायचंय."

ओबिन्नाने बाईंकडे पाहिले. बाईंनी खांदे उडवले. त्याने कळ फिरवली. रेघ पडली, पडत गेली, आणि या वेळी वळली नाही. तळाला जाऊन ती अशी निपचित झाली, की सगळ्या खोलीने एकदम सुस्कारा टाकला.

आणि इडालिनाने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली.

"अगं, हरलीस की आत्ता!" ओबिन्ना म्हणाला.

"हरले कुठे? चाळीसला उभी आणि त्रेचाळीसला आडवी! कुठे मोडते ते सापडलं! वैरी प्रथिनच आधी वितळलं असणार. की मिठीच सुटली? विनी, तुम्हाला काय वाटतं?"

"मिठी," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली होती.

"मला नाही वाटत," ओबिन्ना म्हणाला, आणि त्यानेही खुर्ची ओढली.

इडालिना तोवर पात्र रिकामे करून त्यात ताजे जिवाणू भरू लागली होती.

"बेचाळीस लाव," ती म्हणाली.